कुलपाची किल्ली कुणाकडे : नेपाळचे माओवादी संसदेत कसे आले

प्रकरण असं. फेब्रुवारी 1996 मध्ये नेपाळच्या माओवाद्यांनी बंदूक उचलली. नोव्हेंबर 2006 मध्ये त्यांनी सरकारशी शांतता करार केला, आणि एप्रिल 2008 मध्ये निवडणूक लढवून ते देशातला सर्वांत मोठा पक्ष झाले. मधल्या काळात सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली. हजाराहून जास्त लोक नाहीसे झाले, ते आजतागायत सापडलेले नाहीत. इतकं रक्त सांडल्यावर जो तोडगा निघाला त्यात कुणी कुणाला 'शरण या' म्हटलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी मुत्सद्देगिरी तीच होती. पुढची पाच-सहा वर्षं जी कटकट चालली, तिचं मूळही तिथेच आहे.

ग्वाल्हेरला लश्कर नावाच्या भागात आमचा निवृत्त मराठी मंडळींचा एक अभ्यासगट आहे. कुणी बँकेतले, कुणी एजी (महालेखापाल) ऑफिसातले, दोघी-तिघी शिक्षिका. मी राज्यशास्त्र शिकवत होतो, म्हणून प्रकरण मांडायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. नेपाळचं प्रकरण मांडायला घेतलं तसे एजी ऑफिसातले काका पाच मिनिटांत म्हणाले, "म्हणजे आपल्या जौऱ्यासारखंच की!"

ग्वाल्हेरच्या माणसाला हेच आठवणार. 14 एप्रिल 1972 ला चंबळच्या भागातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या समोर, गांधीजींच्या तसबिरीपुढे, माधोसिंह आणि मोहरसिंह या डाकूंच्या टोळ्यांनी बंदुका ठेवल्या. फाशी होणार नाही एवढं आश्वासन त्यांना आधी मिळालेलं होतं. खटले चालले, शिक्षा झाल्या, काहींनी मुंगावलीच्या खुल्या कारागृहात दिवस काढले. मोहरसिंह पुढे मेहगाव नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. म्हणजे बीहडातला, चंबळच्या घळींतला, माणूस राजकारणात येणं आमच्याकडे अगदीच अपूर्वाईचं नाही.

पण जौऱ्याला आलेली माणसं एकेकटी घरी परत आली. राज्य कुणाचं असावं, घटना कुणी लिहावी, याबद्दल त्यांचं काही मागणं नव्हतं. नेपाळचे माओवादी 2005 साली देशाच्या बहुतांश ग्रामीण भागात स्वतःचं 'जनसरकार' चालवत होते. त्यांची न्यायालयं होती, कर होते, सैन्य होतं. त्यांना तसबिरीपुढे बंदूक ठेवायला सांगितलं असतं तर ते उठून परत डोंगरात गेले असते. दोनदा गेलेही होते.

आधी फसलेल्या दोन फेऱ्या

ऑगस्ट 2001 मध्ये पहिली बोलणी सुरू झाली. त्याच्या दोनच महिने आधी, 1 जूनला, राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं होतं आणि भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले होते. माओवाद्यांचं मागणं मुख्यतः एकच होतं : संविधानसभा, म्हणजे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी नव्यानं घटना लिहायची. सरकार म्हणालं, बाकी काय हवं ते बोला, राजाचं आसन सोडून. नोव्हेंबरात बोलणी मोडली, माओवाद्यांनी दाङच्या लष्करी तळावर हल्ला केला, देशात आणीबाणी लागली आणि तोवर बराकीत बसलेलं शाही सैन्य मैदानात उतरलं. 2003 च्या जानेवारीत पुन्हा युद्धविराम झाला आणि ऑगस्टमध्ये मोडला. गाडी अडली पुन्हा संविधानसभेपाशीच. शिवाय त्याच महिन्यात दोरम्बा इथे सैन्यानं पकडलेल्या माओवाद्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर विश्वासाची भाषा करायला कुणाला तोंड राहिलं नाही.

मग दोन वर्षं नुसती रस्सीखेच. सैन्याला गावं परत घेता येईनात, माओवाद्यांना काठमांडू सोडाच, जिल्ह्याची ठाणीसुद्धा हल्ला करून दुसऱ्या दिवशीपर्यंत राखता येईनात. अशा वेळी तिसऱ्या बाजूला काय होतं ते महत्त्वाचं ठरतं. तिसरी बाजू म्हणजे नेपाळी काँग्रेस, एमाले (निवडणुका लढवणारा कम्युनिस्ट पक्ष) आणि इतर संसदीय पक्ष. हे पक्ष राजाच्या बाजूला उभे असेपर्यंत माओवादी एकटे होते.

1 फेब्रुवारी 2005 ला राजा ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त केलं, सत्ता स्वतःकडे घेतली, पुढाऱ्यांना नजरकैदेत टाकलं आणि देशाचे टेलिफोन बंद केले. माओवाद्यांना नऊ वर्षांत जे जमलं नव्हतं ते राजानं एका सकाळी करून दाखवलं : संसदीय पक्षांना त्यांच्या दिशेनं ढकललं.

दिल्लीचे दोन दरवाजे

इथे थोडं थांबायला हवं, कारण ग्वाल्हेरच्या वाचकाला यातला एक दरवाजा चांगलाच ओळखीचा आहे.

काठमांडूकडे जाण्याचा भारताचा जुना रस्ता सोयरिकीचा होता. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या राजमाता विजयाराजे वाढल्या त्या सागरला, खड्ग शमशेर राणांच्या, म्हणजे नेपाळी आजोबांच्या घरी. माधवराव महाराजांची पत्नी माधवीराजे नेपाळच्या राणा घराण्यातल्या. माधवरावांच्या बहिणींपैकी उषाराजे दिल्या त्या पशुपती शमशेर राणांकडे, काठमांडूला. काश्मीरचे डॉ. करणसिंह यांची पत्नी यशोराज्यलक्ष्मी शेवटचे राणा पंतप्रधान मोहन शमशेर यांची नात, आणि माधवरावांची मुलगी चित्रांगदा करणसिंहांच्या घरात सून. म्हणजे करणसिंह आमच्या महालाचे व्याही. नेपाळवर बातमी आली की ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, दुकानांतून 'आपल्याकडच्या नात्यातलं' म्हणून चर्चा होते ती काही उगाच नाही.

या रस्त्यामागे धोरणही होतं. दिल्ली त्याला दोन खांबांचं धोरण म्हणे : घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही, दोन्ही टिकायला हवेत. माओवाद्यांना त्यात जागाच नव्हती. 2001 साली भारतानं त्यांना सरळ दहशतवादी म्हटलं होतं. त्यांचे नेते भारतात लपत आणि भारतातच पकडलेही जात. सी. पी. गजुरेल 2003 मध्ये चेन्नईला सापडले, मोहन वैद्य 2004 मध्ये सिलिगुडीला.

दुसरा दरवाजा मागच्या बाजूचा होता आणि बराच साधा. माओवाद्यांचे एक प्रमुख नेते बाबूराम भट्टराई जेएनयूचे पीएच.डी. त्यामुळे दिल्लीत त्यांची ओळखपाळख होती. 2002 मध्येच जेएनयूचे प्राध्यापक एस. डी. मुनी यांच्यामार्फत माओवादी नेत्यांचं पत्र वाजपेयींच्या पंतप्रधान कार्यालयापर्यंत पोचलं होतं. भारताच्या महत्त्वाच्या हितसंबंधांना आम्ही धक्का लावणार नाही, असा त्याचा आशय. ज्या पक्षानं 1996 च्या चाळीस मागण्यांत 1950 चा भारत-नेपाळ करार रद्द करा आणि गोरखा भरती केंद्रं बंद करा असं लिहिलं होतं, त्यांचं हे पत्र. गुप्तचर खात्याची माणसं त्यांच्याशी बोलू लागली ती तिथपासून.

2004 नंतर केंद्रातलं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. त्यामुळे सीताराम येचुरी यांच्यासारख्या नेत्याचा शब्द नेपाळच्या बाबतीत वजनदार झाला. राष्ट्रवादी काँग्रेसचे डी. पी. त्रिपाठी नेपाळच्या लोकशाहीसाठी समिती चालवत होते. सरकार एका हातानं माओवाद्यांना अटक करत होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांच्याशी बोलत होतं. आमच्यातल्या एक बाई यावर म्हणाल्या, "सर, हा तर दुटप्पीपणा झाला." झालाच. पण अटक आणि संपर्क एकाच वेळी चालू ठेवणं हे अशा कामात नेहमीचं आहे. फक्त संपर्क ठेवला तर समोरचा माजतो आणि फक्त अटक केली तर बोलायला माणूस उरत नाही.

राजाच्या 1 फेब्रुवारीच्या कारवाईनंतर दिल्लीनं शस्त्रपुरवठा थांबवला. मनमोहन सिंग ढाक्याच्या सार्क परिषदेला गेले नाहीत आणि परिषदच पुढे ढकलावी लागली. ब्रिटन आणि अमेरिकेनंही लष्करी मदत रोखली. राजानं मग चीनकडे हात पसरला. नोव्हेंबर 2005 मध्ये ती लांबलेली परिषद भरली तेव्हा नेपाळनं अफगाणिस्तानच्या सदस्यत्वाला चीनच्या निरीक्षकपदाची अट जोडली. दिल्लीत ज्यांना राजाबद्दल अजून थोडी माया होती, त्यांचीही ती तिथे आटली असणार.

बारा कलमं

22 नोव्हेंबर 2005 ला सात पक्षांची आघाडी आणि माओवादी यांच्यातली बारा कलमी समजूत जाहीर झाली. बैठका दिल्लीत झाल्या. नेपाळी काँग्रेसचे नेते गिरिजाप्रसाद कोइराला उपचारांसाठी म्हणून दिल्लीत आले होते. भारत सरकार अधिकृतपणे या कशात नव्हतं. एकत्र बसून सही आणि छायाचित्र असा कार्यक्रमही झाला नाही. दोन्ही बाजूंनी तोच मजकूर आपापल्या नावानं वेगवेगळा प्रसिद्ध केला. संसदीय पक्षांना 'दहशतवाद्यांशी करार केला' हा ठपका नको होता, माओवाद्यांना 'दिल्लीत जाऊन सही केली' हा नको होता.

मजकूर नीट वाचला तर करार कसा लिहावा याचा तो नमुना आहे. मी आमच्या गटात तो कलमवार वाचून दाखवला. निरंकुश राजतंत्र संपवायचं, असं त्यात आहे. 'गणतंत्र' मात्र कुठेही नाही. राजा राहणार की जाणार हे संविधानसभा ठरवेल. नेपाळी काँग्रेसमध्ये अजून राजाला शोभेपुरतं ठेवावं म्हणणारे बरेच होते, त्यांनाही त्या वाक्याखाली उभं राहता आलं. माओवाद्यांना आपला विजय त्याच वाक्यात दिसला.

त्याहून धीट आहे ते दुसरं कलम. संविधानसभेपर्यंत जायचं कसं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं. सात पक्षांना विसर्जित संसद पुन्हा जिवंत करून तिच्यातून सर्वपक्षीय सरकार आणायचं होतं. माओवाद्यांना जुनी संसद नको होती, त्यांना राष्ट्रीय राजकीय संमेलन आणि त्यातून अंतरिम सरकार हवं होतं. साधारणपणे अशा ठिकाणी गुळमुळीत वाक्य घालून मतभेद झाकतात. इथे दोन्ही मतं जशीच्या तशी लिहिली आणि खाली लिहिलं की यावर बोलणी चालू ठेवून समान सहमती शोधू. मतभेद कागदावर नोंदवला म्हणून पुढे 'तुम्ही शब्द फिरवला' असं म्हणायची सोयच राहिली नाही.

तिसऱ्या कलमात शस्त्रांचा विषय. निवडणुकीच्या काळात माओवादी सैन्य आणि शाही सैन्य, दोन्ही, संयुक्त राष्ट्रांच्या किंवा अन्य विश्वासार्ह आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहतील. दोन्ही! सरकारी सैन्य आणि बंडखोर यांना एका वाक्यात एका पातळीवर आणणं हे कुठल्याही सरकारला सहज पचणारं नाही. पण त्या दिवशी सात पक्ष सरकारात नव्हतेच. शाही सैन्य त्यांच्या विरोधात होतं. ज्याचं सैन्य होतं तो राजा या कागदाला पक्षकार नव्हता. हा करार सत्तेबाहेर असलेल्या पक्षांनी केला म्हणूनच असा लिहिता आला. सत्तेत असते तर त्यांच्याच सेनापतीनं तो फाडला असता.

बदल्यात माओवाद्यांनी बहुपक्षीय स्पर्धा, नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य मान्य केलं. हाकललेल्या लोकांना परत गावात येऊ देऊ, बळकावलेली मालमत्ता परत करू असंही लिहून दिलं. हे त्यांच्या आतून आधीच घडलं होतं. ऑक्टोबर 2005 मध्ये रुकुमच्या चुनवाङ बैठकीत पक्षानं लोकशाही गणतंत्राची दिशा मान्य केली होती. बाबूराम आधीपासून हेच म्हणत होते आणि त्यापायी त्यांच्यावर कारवाईही झाली होती. बाहेरच्या मुत्सद्द्यांनी माओवाद्यांचं मन वळवलं असं जे सांगतात, त्यांनी चुनवाङ विसरू नये. वळलेल्या मनाला दिल्लीत दार उघडं मिळालं, एवढंच.

एप्रिलमधली चार दिवसांची गोष्ट

6 एप्रिल 2006 पासून सात पक्षांनी पुकारलेलं आंदोलन एकोणीस दिवस चाललं. संचारबंदी मोडून काठमांडूच्या रिंगरोडवर लाखो लोक उतरले. दिल्लीनं या वेळी वापरला तो पहिला दरवाजा. करणसिंहांना विशेष दूत म्हणून पाठवलं. राजाशी नातं आहे, बोलू शकतील, असा हिशेब. ते 20 एप्रिलला राजाला भेटले.

21 तारखेला राजानं जाहीर केलं : कार्यकारी सत्ता लोकांना परत करतो, सात पक्षांनी पंतप्रधानाचं नाव द्यावं. दिल्लीनं लगेच स्वागत केलं. काठमांडूच्या रस्त्यांनी मात्र ते झिडकारलं. संसदेचं काय, संविधानसभेचं काय, सैन्य कुणाच्या हुकमात, याचा त्या भाषणात पत्ता नव्हता. आता घोषणा राजाबरोबर भारताविरुद्धही होऊ लागल्या. 22 तारखेला परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की नेपाळचं भवितव्य नेपाळी जनतेनं ठरवायचं आहे. हे सरन त्याआधी काठमांडूला राजदूत होते, त्यांना रस्त्याची नाडी कळत होती. दोन खांबांतला एक खांब त्या दुपारी निमूटपणे काढून घेतला गेला. 24 तारखेला रात्री उशिरा राजानं संसद पुन्हा बहाल केली.

आमच्या गटात यावरून जरा वाजलं. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, करणसिंहांना उगाच तोंडघशी पाडलं, त्यांनी जे आणलं ते 1990 च्या आंदोलनात पुरलं असतं. मला तसं वाटत नाही. दूत चांगला होता, दरवाजा कालबाह्य होता. राजाशी बोलू शकणारा माणूस पाठवला, आणि तोवर प्रश्न राजाशी बोलून सुटण्यापलीकडे गेलेला होता. पण मागचा दरवाजा दिल्लीनं आधीच उघडून ठेवला होता म्हणून एका दिवसात वळण घेता आलं, हेही खरं.

योगायोग असा की त्याच महिन्यात, 13 एप्रिलला, मनमोहन सिंग यांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत नक्षलवाद हे देशापुढचं सर्वांत मोठं अंतर्गत सुरक्षा आव्हान असल्याचं म्हटलं होतं.

कंटेनर

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण मी निवडलं तिच्याकडे येतो.

जून 2006 मध्ये माओवाद्यांचे सर्वोच्च नेते पुष्पकमल दहाल ऊर्फ 'प्रचंड' हे उघडपणे पंतप्रधान निवासस्थानी आले. 9 ऑगस्टला सरकारनं आणि माओवाद्यांनी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांना एकाच मजकुराची दोन वेगवेगळी पत्रं पाठवली. बारा कलमांची तीच युक्ती पुन्हा. दक्षिण आशियात संयुक्त राष्ट्रांना येऊ देणं भारताला कधीच आवडत नाही, काश्मीरमुळे. या वेळी दिल्लीनं विरोध केला नाही, पण मोहीम लहान राहील, शांतिसेना येणार नाही, फक्त निःशस्त्र निरीक्षक येतील, याची काळजी घेतली गेली. 21 नोव्हेंबरला विस्तृत शांतता करार झाला. जानेवारी 2007 मध्ये सुरक्षा परिषदेनं 1740 क्रमांकाच्या ठरावानं ही मोहीम मंजूर केली. तिचे प्रमुख इयन मार्टिन.

शस्त्रांची व्यवस्था अशी ठरली. माओवादी सैनिक सात मुख्य आणि एकवीस उपशिबिरांत राहतील. बंदुका लोखंडी कंटेनरांत ठेवायच्या. प्रत्येक बंदुकीची नोंद. कंटेनरला एकच कुलूप, आणि त्याची किल्ली माओवाद्यांकडे. संयुक्त राष्ट्रांचं काम म्हणजे कुलूप उघडलं की वाजणारा भोंगा आणि नोंद ठेवणारं यंत्र बसवणं, आणि वेळोवेळी तपासणी. सरकारी सैन्यानंही तेवढीच शस्त्रं काठमांडूच्या छाउनी बराकीत अशाच कुलपात ठेवायची. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पुरेसे येईपर्यंत शिबिरांवर देखरेखीला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यांतून निवृत्त झालेले गोरखे होते. ज्या भरतीची केंद्रं बंद करा म्हणून माओवाद्यांनी 1996 मध्ये मागणी केली होती, त्याच भरतीतले.

गटात बँकेतले काका हसले. "किल्ली त्यांच्याकडे, तर लॉकर कसला?" बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, हे त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. त्यांचा मुद्दा रास्त आहे. मनात आणलं असतं तर माओवादी एका रात्रीत शस्त्रं काढून घेऊ शकत होते. भोंगा वाजला असता, जगाला कळलं असतं, इतकंच. पण त्या भोंग्याचीच किंमत होती. किल्ली आपल्याकडे असल्यामुळे कमांडरला आपल्या पोरांना सांगता येत होतं की आपण शस्त्रं टाकलेली नाहीत, ठेवलेली आहेत. आणि भोंगा असल्यामुळे पंतप्रधान कोइरालांना संसदेत सांगता येत होतं की बंदुका बंद आहेत. दोन्ही वाक्यं खरी होती.

आकडे

या व्यवस्थेची दुसरी बाजू गमतीची आहे. शिबिरांत नोंद झालेली माणसं बत्तीस हजारांच्या वर, आणि नोंदलेली शस्त्रं 3,475. नऊ माणसांमागे एक बंदूक! उरलेल्या बंदुका कुठे गेल्या, की उरलेली माणसं कुठून आली? छाननीत आठ हजारांहून जास्त लोक हजरच झाले नाहीत. 4,008 जण बाद ठरले, त्यांतले बहुतेक अल्पवयीन. पात्र ठरले 19,602, त्यांत 3,846 स्त्रिया. मे 2009 मध्ये एक चित्रफीत बाहेर आली. तीत प्रचंड शक्तिखोर शिबिरात आपल्या कार्यकर्त्यांना सांगताना दिसतात की आपण खरे सात-आठ हजारच होतो, पस्तीस हजार सांगितले म्हणून वीस हजारांपर्यंत मान्य झाले.

फसवणूक झाली हे उघड आहे. काठमांडूत ते कुणाला आधी माहीत नव्हतं असं मात्र मला वाटत नाही. तरुण पोरांना शिबिरात जेवण-भत्ता मिळतोय आणि लढाई बंद आहे, तर दहा हजार नावं जास्त का असेनात, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा.

10 एप्रिल 2008 च्या निवडणुकीत माओवाद्यांना 601 च्या सभागृहात निवडून आलेल्या 220 जागा मिळाल्या. नेपाळी काँग्रेसला 110, एमालेला 103. दिल्लीचा अंदाज असा अजिबात नव्हता. छोट्या पक्षाला सामावून घेतोय असं समजून उघडलेल्या दारातून घरमालकच आत आला. 28 मे रोजी 560 विरुद्ध 4 मतांनी नेपाळ गणतंत्र झालं, ऑगस्टमध्ये प्रचंड पंतप्रधान झाले आणि पहिल्या दौऱ्याला बीजिंगला गेले. अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीत त्यांचा पक्ष तेव्हा होताच. तो निघाला 2012 मध्ये.

मागे ठेवलेलं बिल

शरण या म्हटलं नाही, म्हणून 'या सैनिकांचं पुढे काय' हेही म्हटलं गेलं नाही. करारात लिहिलं की एक समिती त्यांच्या समायोजनाचा, म्हणजे सैन्यात सामावून घेण्याचा, आणि पुनर्वसनाचा विचार करेल. किती जण, कुठल्या हुद्द्यावर, कुणाच्या हुकमात, काही नाही. प्रत्येकाला वाटलं, निवडणुकीनंतर आपण जोरात असू, तेव्हा बघू.

मग मे 2009 मध्ये व्हायचं ते झालं. सरसेनापती रुक्मांगद कटवाल यांना पंतप्रधान प्रचंड यांनी काढलं, राष्ट्रपती रामवरण यादव यांनी त्यांना जागेवर राहायला सांगितलं, आणि 4 मे रोजी प्रचंड यांनी राजीनामा दिला. कटवाल यांना काढू नये असा भारताचा आग्रह होता, हेही लपून राहिलं नाही. ज्या दिल्लीनं आत आणलं तिनंच नख लावलं, अशी माओवाद्यांची भावना झाली ती बराच काळ टिकली.

शिबिरं काही महिन्यांसाठी म्हणून उभारली होती, ती पाच वर्षांहून जास्त चालली. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी टाकलेल्या छावणीतच आमचं लश्कर वसलं आहे, त्यामुळे तात्पुरती छावणी किती टिकते हे आम्हांला कुणी सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांची मोहीम जानेवारी 2011 मध्ये निघून गेली तरी माणसं तिथेच होती. पोरांची लग्नं झाली, मुलं झाली.

शेवटी 1 नोव्हेंबर 2011 ला सात कलमी करार झाला. जास्तीत जास्त 6,500 जणांना सैन्यात घ्यायचं, तेही नव्या संचालनालयात, विकासकामं, वनसुरक्षा, आपत्ती निवारण अशा कामांसाठी. बाकीच्यांना हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये देऊन निवृत्ती. प्रत्यक्षात सैन्यात गेले सुमारे चौदाशे. पंधरा हजारांहून जास्त जणांनी चेक घेतला आणि घर गाठलं. एप्रिल 2012 मध्ये नेपाळी सैन्यानं शिबिरांचा ताबा घेतला. तेव्हा बाबूराम पंतप्रधान होते. जूनमध्ये मोहन वैद्य यांचा गट 'विश्वासघात' म्हणत फुटून बाहेर पडला. पण जंगलात गेला नाही. पाच वर्षं शिबिरात राहिल्यावर आणि संसदेची सवय लागल्यावर जंगल कुणाला परवडत नाही. माझ्या मते लांबणीचा हा एक न ठरवलेला फायदा.

तोट्याच्या रकान्यात पीडित आहेत. शांतता करारातच सत्य निरूपण आणि मेलमिलाप (सत्यशोधन आणि समेट) आयोगाचं वचन होतं. आयोग स्थापन झाला 2015 मध्ये. साठ हजारांवर तक्रारी आल्या. दोन्ही बाजूंचे सेनापती आता एकाच सत्तेच्या चौकटीत होते, मग कुणाची फाईल कोण उघडणार? शिबिरातल्या सैनिकासाठी मोलभाव करायला त्याचा पक्ष होता. जिचा नवरा एका रात्री उचलून नेला, तिच्या बाजूनं त्या टेबलावर कुणी बसलं नव्हतं. आमच्या गटातल्या दोघी शिक्षिकांनी हाच मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या मते बारा कलमांत सैन्यावर देखरेखीचं कलम घालता येतं तर नाहीसे झालेल्या माणसांची यादी देण्याचं कलमही घालता आलं असतं. मी म्हणालो, त्या दिवशी ते घातलं असतं तर कागदच झाला नसता. "झाला नसता असं तुम्ही म्हणता, सर. मागणी करून बघितलीच कुणी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही.

बस्तरला हे चालेल का

मध्यप्रदेशात बसून नेपाळचं प्रकरण वाचायचं तर हा प्रश्न येणारच. प्रचंड यांनी स्वतःच 2006 मध्ये भारतीय वृत्तपत्राला मुलाखतीत सांगितलं होतं की बहुपक्षीय लोकशाही मान्य करण्यात भारतातल्या नक्षलवाद्यांसाठीही संदेश आहे. दिल्लीच्या कानाला ते गोड लागलं असणार. 2004 मध्ये एकत्र झालेल्या भारतीय माओवादी पक्षानं मात्र प्रचंड यांच्या वाटेवर उघड टीका केली.

मला साम्य फार कमी दिसतं. नेपाळमध्ये राजा होता, ज्याच्याविरुद्ध दोन शत्रूंना एकत्र येता आलं. सात पक्ष सत्तेबाहेर होते आणि त्यांना माओवाद्यांची गरज होती. शेजारी एक मोठा देश होता, ज्याच्या राजधानीत गुपचूप बैठका घेता आल्या. मागणं एका वाक्यात सांगण्याजोगं होतं, आणि ते मान्य करून कुणाच्या पायाखालची जमीन सरकत नव्हती, राजा सोडून. बस्तरला यातलं एकही नाही. तिथे सरकारशी भांडत सत्तेबाहेर पडलेला आणि बंडखोरांची गरज असलेला मोठा पक्ष कुठला? तिथे येतात ती माणसं एकेकटी किंवा गटानं येतात, पुनर्वसनाच्या योजनेतून, जौऱ्याला आली तशी. एजी ऑफिसातले काका इथे मघापासून गप्प होते ते एवढंच म्हणाले की मग बस्तरच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या महिन्यात जौऱ्याचीही काढा, फाशी नाही हे आश्वासन नेमकं कुणी, कुणाला आणि कशा शब्दांत दिलं होतं ते बघू.